म्हसोबाचं पाणी

"एवढंच हाय बघ," अनसाक्का म्हणाली आणि कनवटीची पुरचुंडी सोडून तिनं माझ्या ओंजळीत ठेवली. "घरात आता एक दाणा न्हाई. जपून टाक."

पुरचुंडीत राख होती आणि राखेत मिरचीचं बी. मी ती जरा नाकाजवळ नेली आणि जोरात शिंकले.

"अगं, हळू! उडालं म्हंजे?" अनसाक्कानं माझ्या ओंजळीवर आपले दोन्ही हात झाकण घातल्यासारखे धरले. "माज्या आईचं बी हाय ते. लग्नात सोनं न्हाई दिलं तिनं, ह्ये दिलं."

"आक्का, अजिबात काळजी करू नका," मी म्हणाले. "तुमचे ट्रे मी अगदी दारात ठेवते. येता-जाता डोळ्यासमोर राहतील."

त्या दारानंच पुढं घात केला. पण तेव्हा मला काय ठाऊक! मी आपली ऐटीत होते.

ऐटीचं कारण होतं. विट्याच्या पुढं, माळावर, आमची भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, वाफ्यांपासून सुरू केलेली आणि त्या सुमाराला नुकती ट्रे आणि शेडनेटपर्यंत, म्हणजे सावलीच्या जाळीपर्यंत, आलेली. मी सांगलीची. वडील पोस्टात, मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि तोवर माझं काम म्हणजे चहा करणं आणि ट्रेवरच्या चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात लिहिणं. त्या एप्रिलमध्ये आबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दीड महिना ऊन, धूळ, वाकणं सगळं बंद केलं. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकत आलेला, त्यामुळं त्यांना माणूस दिसायचं ते नुसतं सावलीसारखं. आमचे हे दिवसभर टेम्पोवर, गावोगाव रोपं पोचवायला. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मग राहिलं कोण?

आबांनी सगळ्या बायकांसमोर सांगून टाकलं, "औंदाचा उन्हाळा सूनबाईचा. तिनं सांगितलं की मी सांगितलं."

सासऱ्यानं सुनेला चारचौघांत असं म्हणणं आमच्याकडं सोपं नव्हतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, एवढा आनंद झाला होता.

आणि उन्हाळा म्हणजे आमची सुगी. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही. टोमॅटो, वांगी, मिरची, झेंडू. एका वेळी साठ-सत्तर हजार रोपं नेटखाली उभी. एक जण ट्रे उचलतोय, दुसरा "माझी कधी?" म्हणून डोक्यावर उभा, तिसरा बियाण्याची पिशवी घेऊन दारात. कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, भरायचं, बी टोकायचं, चिठ्ठी लावायची आणि पाणी घालायचं. सकाळी, संध्याकाळी, आणि मे महिन्यात दुपारी एक हलका शिडकावा. ट्रेच्या कपात माती नसते, मूठभर भुसाच असतो. एक पाळी चुकली तर रोपं माना टाकतात.

त्या वर्षी विहीर आटली होती. मोटर वीस मिनिटं चालायची आणि मग नुसती हवा ओढायची. टाकीत जेवढं चढेल तेवढ्यावर दिवस काढायचा. मी तर पाणी थेंबाथेंबानं मोजायला लागले होते. आणि तिथंच माझी नजर म्हसोबावर गेली.

टाकीपासून काळा पाईप निघायचा, दोनशे फूट, माळावरनं नेटपर्यंत. नेटच्या दाराशी एक कडुलिंब आणि त्याच्या बुडाशी म्हसोबाचा दगड. शेंदराची इतकी पुटं चढलेली की खालचा दगड कसला आहे हेही कळू नये. आमच्याकडं रीत अशी, की पाईप सुरू केला की पहिलं पाणी म्हसोबाला. पाईपाचं तोंड दगडावर धरायचं, "म्हसोबा देवा" असं एकवीस वेळा नाव घ्यायचं आणि मगच नेटमध्ये शिरायचं. दिवसातनं तीन वेळा. तानूबाई, आमच्या कामाच्या बायकांतली सगळ्यात जुनी, ती तर डोळे मिटून इतक्या सावकाश नाव घ्यायची, की देवालाही डुलकी लागावी.

"तानूबाई," मी एक दिवस म्हणाले, "एकवीस नावं म्हणजे दोन-तीन बादल्या पाणी. दिवसाला आठ-नऊ झाल्या. देवाला एवढी तहान लागते?"

"वैनी, तसं बोलू ने."

"देवाला हात जोडा की. रोज जोडा, मी नाही म्हणत नाही. पण उद्यापासनं पाणी थेट रोपांना."

तानूबाईनं लिंबाकडं बघितलं. तिथं बाजेवर आबा काळा चष्मा लावून आडवे झाले होते. झोपले होते की जागे, कळत नव्हतं.

"आबास्नी इचारलं का?"

"आबांनी काय सांगितलंय? मी सांगितलं की त्यांनी सांगितलं."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तसं. पण चार दिवस काही बिघडलं नाही. पाणी वाचलं, रोपं हिरवीगार. अनसाक्काचे बारा ट्रे दाराशी पहिल्या रांगेत, वीस दिवसांची मिरची, बोटभर उंच. मी मनात म्हटलं, बघा! अंधश्रद्धेपायी किती पाणी मातीत जात होतं.

अठरा मेला तानूबाई भाचीच्या लग्नाला गेली. दुपारचं पाणी एरवी तीच घालायची, मी तेव्हा जेवत असे. त्या दिवशी मीच पाईप उचलला. दोन वाजलेले, माळ नुसता भाजून निघत होता. चप्पल तुटली म्हणून मी ती दारात काढली होती. पाईपातनं चार थेंब पायाच्या बोटावर पडले आणि चटका बसला. मला वाटलं, फरशी तापलीय. आत शिरले, पहिल्या रांगेपासनं पाईपाच्या तोंडाची झारी फिरवत शेवटपर्यंत गेले, पाईप गुंडाळला आणि जेवायला गेले.

चार वाजता येऊन बघते तो पहिली रांग काळपट हिरवी पडलेली. पातेल्यात वाफवलेल्या मेथीसारखी. एकेक रोप देठातनं वाकून कपाच्या कडेवर लोळत होतं. बारा ट्रे. बाराशे रोपं. पलीकडच्या रांगा मात्र ताज्यातवान्या, वाऱ्यावर डोलताहेत.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मी खाली बसले आणि एकेक रोप उभं करून बघायला लागले. उभं राहतंय होय? बोट काढलं की आडवं.

दुसऱ्या दिवशी बरोबर दोन वाजता मी परत गेले. पाईप सुरू केला आणि धारेखाली हात धरला. अगं आई गं! हात मागं ओढला तेव्हा बोटं लाल झाली होती. दोनशे फूट काळा पाईप सकाळपासनं उन्हात पडलेला, त्याच्या आत अडकलेलं पाणी उकळत्या चहासारखं झालेलं. थोड्या वेळानं तेच पाणी गार आलं. मी बी.एस्सी. झालेली बाई. काळा रंग उष्णता शोषतो हे आठवीच्या पोरालाही ठाऊक असतं. आणि मी अनसाक्काच्या आईचं बी उकळत्या पाण्यानं भिजवलं होतं.

तिसऱ्या दिवशी तानूबाई आली, तिनं पहिली रांग बघितली आणि मटकन खाली बसली.

"कोपला!" ती म्हणाली. "वैनी, मी सांगत हुते. दुपारचं पानी मी तुमचा डोळा चुकवून घालत हुते देवाला. म्हनून चार दिस धकलं. येक दिस मी न्हाई, आनि बघा!"

म्हणजे सकाळ-संध्याकाळचं गार पाणी मी तोडलं होतं आणि दुपारचं ही माउली चोरून सोडत होती. मी तिला खरं काय ते सांगू शकले असते. सांगितलं नाही. तिनं पदराच्या गाठीचे पैसे सोडून नारळ आणला, म्हसोबापुढं फोडला, माझ्या वतीनं नाक घासलं. मी खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि गप्प खाल्ला. देवावर ढकललं की माणूस कसा मोकळा होतो, ते मी त्या दिवशी शिकले.

संध्याकाळी आबांनी बाजेवरनं विचारलं, "सूनबाई, तानू काय म्हनत हुती? कशाला नारळ फोडला?"

"बारा ट्रेंना मर लागली आबा, रोपं रोगानं बसली."

"कुनाच्या?"

"आपल्याच. जादा टाकलेल्या मिरचीच्या."

"मग ठीक हाय," आबा म्हणाले. "लोकाची न्हवं ना. आपलं गेलं तर गेलं."

खोटं एकदा तोंडातनं गेलं की पायवाट पडते. जादा टाकलेल्या मिरचीचे बारा ट्रे खरंच आमच्याकडं होते, दुकानातलं बी, त्याच वयाचे. दुपारी सगळ्या बायका भाकरी खायला बसल्या तेव्हा मी ते ट्रे पहिल्या रांगेत आणून ठेवले. मेलेली रोपं खड्ड्यात लोटली. आणि माझ्या सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी, 'अनसूया बाबर, घरची मिरची', उपटून नव्या ट्रेमध्ये खोचली. बायकांना वाचता येत नव्हतं; कुठला ट्रे कुणाचा, ते मी सांगेन तेच. मिरचीचं रोप मिरचीसारखंच दिसतं. फळ धरेपर्यंत ब्रह्मदेवालाही कळणार नाही, आणि फळ धरायला अजून तीन महिने.

आता ह्या मिरचीचं सांगायला हवं. अनसाक्का पाच-सहा गुंठ्यांत ती मिरची लावायची. तिखटाला बेताची, पण रंग असा की रस्सा नुसता लालभडक, आणि वास शेजारच्या आळीत जाणारा. लाल झाली की वाळवायची आणि उन्हाळ्यात तिची कांदा-लसणाची चटणी कुटायची. चार गावच्या बायका डबे घेऊन तिच्या दारात बसत. म्हातारा अंथरुणाला खिळलेला, पोरबाळ नाही, ह्या चटणीवर घर चालायचं. दुकानातल्या बियाची मिरची लावून ती चटणी होणार नव्हती. आणि एकदा ते बी मोडलं की ते जगात कुठंच नव्हतं. मला हे सगळं ठाऊक होतं. रोज भाकरी मोडताना ठाऊक होतं.

मधल्या दिवसांत ती दोनदा येऊन गेली. दारातनंच बघायची, आत पाऊल टाकायची नाही.

"बग, कशी डोलाय लागल्यात," ती म्हणायची. "आई वरनं बगत आसंल माजी."

दुसऱ्या खेपेला तिनं माझ्यासाठी चटणीचा डबा आणला. मी झाकण उघडलं, वास आला आणि मला रडूच फुटलं. आमचे हे म्हणाले, "तिखट लागलं काय गं?" मी म्हणाले, "हो." त्यांनी पाणी आणून दिलं बिचाऱ्यांनी.

दहा जूनला सकाळी अनसाक्का टमटम घेऊन आली. नवं लुगडं नेसून. मी आणि तानूबाईनं ट्रे दाराबाहेर मांडले. आबाही लिंबाखाली बाजेवर उठून बसले. चष्मा निघाला होता, एका डोळ्यानं बऱ्यापैकी दिसायला लागलं होतं.

अनसाक्का रोपांकडं वाकलीही नाही.

"बघून घ्या आक्का," मी म्हणाले. नेहमीच म्हणतो आम्ही गिऱ्हाइकाला.

"तुमच्या घरात काय बगायचं?" तिनं पिशवीतनं हळदी-कुंकवाची डबी काढली. प्रत्येक ट्रेला बोट टेकवलं. मग माझ्याकडं वळली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि पिशवीतनं एक हिरवा खण, नारळ आणि मूठभर गहू बाहेर काढले.

"पदर धर."

"हे काय आक्का?"

"ओटी भरते तुजी. माज्या आईचं बी जपलंस तू. घरात येक दाणा नसताना तुज्या हातात दिलं आनि तू बाराशे करून दिलंस. तिची नातच झालीस की गं तू. धर पदर."

मी पदर पुढं केला. खरंच केला. सवयीनं हात गेला. नारळ पदरात पडायच्या आत मी तो मागं घेतला.

"आक्का, थांबा. ही तुमची नव्हेत."

"काय नव्हेत?"

"रोपं. तुमची मेली. माझ्या हातनं मेली. ही दुकानातल्या बियाची आहेत. चिठ्ठी मी बदलली."

तानूबाईनं तोंडावर हात ठेवला. टमटमवाला उगीच आरशात बघायला लागला. मला आता थांबता येईना. अठरा मे, दोन वाजता, पाईप, चटका, खड्डा, तानूबाईचा नारळ, आबांना सांगितलेलं खोटं, सगळं एका दमात ओकून टाकलं. "मर बिर काही नव्हती," मी म्हणाले, "देवाचा कोपही नव्हता. कढत पाणी होतं. मीच."

अनसाक्का पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली. नारळ मांडीवर. मला वाटत होतं, हिनं आता थोबाडीत मारावी, शिव्या घालाव्यात, काहीतरी करावं.

"कुटं हुती माजी?" तिनं शेवटी विचारलं.

"इथं. अगदी दारात. तुम्हाला कबूल केलं होतं म्हणून."

"आनि पयलं पानी?"

"सोडलं नाही. पाणी वाचवायला."

तिनं मान वळवून लिंबाखाली बघितलं. "धोंडीबा, ऐकलंस का रं?"

"ऐकलं," आबा म्हणाले. त्यांची मान खाली होती.

अनसाक्काचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, म्हातारीला काही होतंय की काय म्हणून पुढं झाले. तर ती हसत होती! डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसत होती.

"आरं पुन्यांदा माजीच!" ती म्हणाली. "पुन्यांदा माजीच रोपं उकडली की रं तुमच्या घरानं!"

मी आणि तानूबाई एकमेकींकडं बघत राहिलो. आबा बाजेवरनं उठले आणि चाचपडत येऊन दगडापाशी बसले.

"सूनबाई," ते म्हणाले, "काळा पाईप गावात पयल्यांदा मी आनला. त्याच्या आदी आम्ही घागरीनं पानी घालायचो. लई मिजास हुती मला त्या पाईपाची. आन पयल्याच उन्हाळ्यात, भर दुपारी, आक्काचा वाफा उकडला. दाराशीच हुता. मीबी तुज्यासारखाच, तिचं बी नजरंसमोर ठेवलं हुतं."

"मग?"

"मग काय! मीबी मर लागली म्हनलं. मीबी दुसरी रोपं लावून ठेवली. आन आक्का आली न्यायाला तवा..." त्यांनी दगडाला हात टेकला. "तवा हिनं तुज्या सासूची वटी भरली. मी बगत हुतो. मग न्हाई ऱ्हावलं."

"त्या साली माजं खरंच समदं बी गेलं," अनसाक्का म्हणाली. "मी म्हायेरला चालत गेले, भावजयीच्या गाडग्यात तळाला मूठभर हुतं, ते घिऊन आले. तवापास्नं बी मी दोन जागी ठेवते. निम्मं तुमास्नी, निम्मं घरात राखंत."

"पण आक्का, तुम्ही तर म्हणालात घरात एक दाणा नाही!"

"तसं म्हनल्याबिगर तुमी जपता व्हय?" ती फणकारली. "जपूनबी उकडता, ती गोष्ट येगळी."

मला हसावं की रडावं कळेना. बी होतं. घरात होतं. अनसाक्काच्या आईचं बी मोडलं नव्हतं. तेवीस दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला टाकला, आणि मी तिथंच मातीत बसून हमसून हमसून रडले. तानूबाई माझ्या पाठीवरनं हात फिरवत होती, पण तिचं लक्ष दुसरीकडंच होतं.

"आबा," तिनं बारीक आवाजात विचारलं, "मग ह्यो म्हसोबा?"

आबा ओशाळं हसले. "वड्यातनं मीच आनला. त्याच साली. पयलं गरम पानी सोडून द्या, सोडून द्या, म्हनून सांगून सांगून दमलो. मानूस चार दिस ध्यानात ठेवतो, पाचव्या दिशी घाई आसली की इसरतो. देव केला तवा कुनी इसरंना."

"म्हंजे ह्यो देव न्हवं?"

"बावीस वर्सं तू रोज तीनदा नाव घेतीस तानू. आता त्यो देव न्हाई तर काय?"

तानूबाईनं विचार केला, तिला ते पटलं, आणि तिनं दगडाला हात जोडले. मग मला कोपरानं ढोसून म्हणाली, "नारळ वाया न्हाई गेला म्हनायचा."

"सूनबाई, त्या दुपारी मी हितंच पडलो हुतो," आबा म्हणाले. "दगडावर पानी वाजलं न्हाई. मला वाटलं, डोळा लागला आसंल आपला. इचारायला पायजे हुतं. पन आपुनच शिकवलं न्हाई, आन इचारायचं कुन्या तोंडानं? तुला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं गं. तू शिकलेली, तुला ठावं आसंल, आसं धरून चाललो."

सासरा सुनेची चूक स्वतःच्या पदरात घेत होता. उगीच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "पण आबा, एकवीसच नावं का?"

आबांनी दगडावरची वाळकी पानं हातानं झाडली.

"पाईप गार व्हायला बारा नावं पुरत्यात," ते म्हणाले. "मोजून बगितलंय. पन मी एकवीस दिस गप बसलो हुतो."

टमटमवाल्यानं आरसा सोडला आणि विडी पेटवली.

"ए पोरी, ऊठ," अनसाक्का म्हणाली. "पदर धर."

"आता कशाला आक्का?"

"वटीचा नारळ माघारी नेत नसत्यात. धर गुमान."

मी डोळे पुसले आणि पदर धरला. नारळ, खण, गहू, सगळं पदरात पडलं. त्या नारळाचं वजन मला अजून आठवतं. दुकानातल्या बियाची सहा ट्रे रोपंही ती घेऊन गेली, "हिरव्या मिरचीला चालत्याल" म्हणून. संध्याकाळी त्याच टमटमनं परत आली, कनवटीला राखेची दुसरी पुरचुंडी घेऊन. बी टोकायला आम्ही तिघी बसलो, आणि आबा बाजेवरनं उगीच सूचना देत होते. ती मिरची महिनाभर उशिरानं लागली आणि उशिरानंच लाल झाली. चटणीला त्या वर्षी चार गावच्या बायकांना जरा थांबावं लागलं. थांबल्या.

पुढच्या वर्षी अनसाक्का एक नाही, दोन पुरचुंड्या घेऊन आली. "ही टाकायला," ती म्हणाली, "आनि ही तुज्या घरात ठेवायला. माजं गाडगं कधी फुटंल, काय नेम." म्हणजे रोपं उकडणाऱ्या बाईच्या घरात तिनं आपल्या आईचं बी ठेवलं. एवढा विश्वास माझ्यावर आधी कुणी टाकला नव्हता, आणि नंतरही नाही.

आता आबा नाहीत, अनसाक्काही नाही. तानूबाई घरी बसून नातवंडांना रागावते. आमची नर्सरी तिप्पट झाली, पाईप जमिनीखाली गेले, पाणी आपोआप सुटतं आणि आपोआप थांबतं. अनसाक्काची मिरची दर उन्हाळ्यात आमच्या नेटमध्ये असते, पंधरा-वीस बायका नेतात, आणि प्रत्येकीला मी बजावते की निम्मं बी दुसऱ्या घरात ठेवा. दुपारचा शिडकावा मात्र मी अजून हातानं घालते, एक काळा पाईप तेवढ्यासाठीच ठेवलाय. नव्या पोरी हसतात. एकीनं परवा विचारलंच, "काकू, तुम्ही देवाचं नाव मोजता, पण जुन्या बायका एकवीस म्हणतात आणि तुमचं त्यापुढंही चालूच असतं. चुकता का तुम्ही?"

"नाही गं," मी म्हणाले. "एकवीस आबांची. माझी तेवीस."